सिगारेटचा मुरलेला वास: ओझोन मशीन लावावं, की भिंती धुवून लाखेचा प्रायमर मारावा?

घरात वर्षानुवर्षं सिगारेट ओढली गेली आहे, आता ते थांबलंय, पण वास जात नाही. अशा वेळी खऱ्या अर्थानं विचार करावा असे दोनच उपाय उरतात. एक म्हणजे खोली बंद करून ओझोन मशीन, म्हणजे वासाची द्रव्यं तोडणारा ओझोन वायू सोडणारं यंत्र, लावणं. दुसरा म्हणजे भिंती-छत धुवून काढणं आणि वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, खालचं सगळं अडवून धरणारा (सीलिंग) प्रायमर मारणं. घरात अजून कोणी ओढत असेल तर या दोन्हींवर वेळ घालवू नये, आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोन्ही उपाय करून पाहिल्यावर माझा कल दुसऱ्याकडे झुकलाय, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ओझोन अगदीच टाकाऊ आहे असंही नाही, त्यामुळे त्याची बाजूही नीट मांडायचा प्रयत्न आहे.

दोन्हींत फरक कुठे पडतो ते कळायला हा वास राहतो कुठे ते पाहावं लागतं. तो हवेत नसतोच. धुरातलं डांबर पृष्ठभागावर पातळ, चिकट थर धरतं. निकोटिन त्या थरात आणि त्याखालच्या रंगात, पुट्टीत, लाकडात, फोममध्ये शिरतं. निकोटिन सावकाश उडणारं द्रव्य आहे. धूर असताना ते भिंतीत मुरतं आणि धूर बंद झाला की महिनोन् महिने थोडं थोडं बाहेर येत राहतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती घरं सुमारे दोन महिने रिकामी होती, साफसफाई झाली होती, काहींत नवा रंग आणि नवे गालिचेही आले होते. तरीही नवीन राहायला आलेल्यांच्या घरात निकोटिन सापडलंच. म्हणजे ‘नुसता रंग मारून घ्या’ हा सल्ला का फसतो ते उघड आहे.

इतर उपायांचं थोडक्यात. सुगंधी फवारे आणि मेणबत्त्या वासावर वास चढवतात, त्यापलीकडे काही नाही. खायचा सोडा वाटीत भरून कोपऱ्यात ठेवण्याचा फारसा उपयोग नाही. तो आंबट वास बऱ्यापैकी शोषतो, पण निकोटिन मुळात अल्कधर्मी आहे. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि तोही किलोच्या हिशेबात. बहुतेक मशीनमध्ये कार्बन चोळलेली एक पातळ जाळी असते, ती लवकरच भरते आणि भरल्यावर गरम हवेत तोच वास परत सोडते. चांगल्या कार्बनचं मशीन मदतनीस म्हणून ठीक आहे.

आता ओझोन. सोय पाहिली तर त्याला तोड नाही. मशीन खोलीत उंचावर ठेवायचं, कारण ओझोन हवेपेक्षा जड असतो. कपाटं आणि ड्रॉवर उघडे ठेवायचे, फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, पंखा मंद चालू ठेवायचा आणि दार बंद करून काही तास निघून जायचं. त्या वेळात घरात माणूस, पाळीव प्राणी, मासे, झाडं काहीही नको. ही सूचना काटेकोर पाळायची आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा 0.1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) आहे आणि वास मारण्यासाठी लागणारी मात्रा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणूनच माणसं घरात असताना ‘मंद ओझोन’ सोडणारी यंत्रं दोन्हीकडून निरुपयोगी ठरतात: वासाला कमी पडतात आणि फुप्फुसांना जास्त होतात. काम झाल्यावर श्वास रोखून आत जायचं, खिडक्या उघडून लगेच बाहेर यायचं आणि तो धातूसारखा तिखट वास पूर्ण जाईपर्यंत आत राहायचं नाही. नाक ओझोनला पटकन सरावतं. त्यामुळे आत बसून ‘आता वास येत नाही’ असं ठरवू नये, बाहेर अर्धा तास थांबून मग पुन्हा आत यावं.

पहिल्या दिवशी निकाल छान वाटतो, हे मान्य करायलाच हवं. बंद खोलीत शिरल्यावर नाकात बसणारी ती जुनी राखेसारखी आंबूस घाण खरोखर गेलेली असते. त्याची किंमत मात्र असते. नैसर्गिक रबर ओझोननं तडकतं, म्हणजे कपड्यांतलं इलॅस्टिक, खिडक्यांचे जुने गॅस्केट यांवर वारंवार मारा नको. काही रंग फिके पडतात. शिवाय निकोटिन आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आलंय. एक घाण काढताना दुसरी थोडी मागे राहते, म्हणून नंतर दोनतीन दिवस घर उघडं ठेवणं भाग असतं.

पण माझा निर्णय झाला तो यातल्या कशानंही नाही. तो झाला वास परत येण्यानं. ओझोन पोचतो तो पृष्ठभागापर्यंत. रंगाच्या आत, पुट्टीत, गादीच्या मध्यात मुरलेलं निकोटिन तसंच राहतं आणि वरची जागा मोकळी झाली की सावकाश वर झिरपतं. साधारण दोनतीन आठवड्यांनी, घर दोन दिवस बंद राहिलं आणि हवा गरम-दमट असली, की दार उघडल्याबरोबर तो वास पुन्हा समोर उभा. अगदी पहिल्याइतका नाही, पण ओळखू येईल असा. आणि तो कुठून येतोय हे कळायला मार्गच नाही, कारण ओझोनच्या कामात हाताला काही लागत नाही. मग पुन्हा घर रिकामं करा, माणसं बाहेर काढा, मशीन लावा, वारा खेळवा. तिसऱ्या खेपेला हा उपाय सोपा राहत नाही.

धुण्याची गोष्ट उलटी आहे. कष्ट भरपूर, पण प्रत्येक फडक्यागणिक दिसतं की काय निघतंय. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, बादलीतलं पाणी हेच माप. जास्त ओढलेल्या खोलीत ओलं फडकं छताजवळ टेकवलं की चहाच्या रंगाचा ओघळ सरळ कोपरापर्यंत येतो. धूर गरम असतो, तो वर जातो, म्हणून छत आणि भिंतीचा वरचा दोन फुटांचा पट्टा सर्वांत वाईट असतो. लोक नेमका तोच सोडतात.

कृती अशी. 5 लिटर कोमट पाण्यात 50-60 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा द्रव साबण. हातमोजे आणि चष्मा हवाच, छत धुताना थेंब डोळ्यांत जातात. भिंत खालून वर धुवावी. वरून सुरुवात केली तर तपकिरी ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि तिथे असे रेघोटे उमटतात की ते नंतर निघत नाहीत. खालचा भाग आधीच ओला असला की ओघळ पुसला जातो. स्पंजनं पाणी लावून तीनचार मिनिटं थांबायचं, पण सुकू द्यायचं नाही, मग पुसून काढायचं. साध्या पाण्याचा हात मात्र वरून खाली. 10 × 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली घेतली तर छतासकट साधारण 560 चौरस फूट होतात. दर 50 चौरस फुटांना पाणी बदलायचं, म्हणजे अकरा-बारा बादल्या. पाणी न बदलता पुढे गेलं तर डांबर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर लावत बसल्यासारखं होतं.

इथे एक गोष्ट घाबरवते. सोड्यानं धुतल्यावर दिवसभर वास आधीपेक्षा वाढलेला वाटू शकतो. सोडा अल्कधर्मी आहे आणि अल्कधर्मी पृष्ठभागावर निकोटिन मोकळं होऊन जास्त उडतं. म्हणून साध्या पाण्यानंतर शेवटचा हात व्हिनेगरचा: 5 लिटर पाण्यात अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर. आम्लानं निकोटिनचं क्षार बनतं, ते उडत नाही आणि पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे फडक्याबरोबर निघून येतं. संगमरवर किंवा चुनखडीच्या फरशीवर व्हिनेगर पडू देऊ नये, चकाकी जाते. सोड्याचं पाणी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लागू नये, डाग पडतात. आणि या कामाच्या आसपास ब्लीच आणूच नये. व्हिनेगरबरोबर ते मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

साध्या डिस्टेंपरची किंवा चुन्याची भिंत धुता येत नाही, ती पिठूळ होऊन सुटते. तिथे ओली करून खरवडून काढणं हाच मार्ग. त्यात त्रास आहे, पण मुरलेला थरच निघून जात असल्यानं फायदाही मोठा आहे.

भिंत पूर्ण सुकली, म्हणजे किमान एक-दोन दिवस गेले, की प्रायमर. पाण्यातला साधा प्रायमर इथे घात करतो. त्यातलं पाणी उरलेलं निकोटिन आणि डांबर विरघळवून वर खेचतं आणि पांढऱ्या रंगावर आठवड्याभरात पिवळे-तपकिरी डाग उमटतात. वरून रंगाचे कितीही हात दिले तरी ते पुन्हा वर येतात. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे शेलॅकचा प्रायमर खालचं न उचलता वर घट्ट पापुद्रा धरतो. वीसेक मिनिटांत हाताला सुकतो, पाऊण तासानं दुसरा हात देता येतो. वर दिलेल्या मापाच्या खोलीला एका हातासाठी 6 ते 7 लिटर धरावेत. ऑइल प्रायमरही डाग अडवतो, पण त्याचाच वास चारपाच दिवस रेंगाळतो.

लावताना घाई आणि शिस्त दोन्ही लागतात. हा प्रायमर पाण्यासारखा पातळ आणि भराभर सुकणारा, त्यामुळे रोलर एकदा फिरवला की तिथे परत जायचं नाही, नाहीतर अर्धवट सुकलेला थर ओढला जातो. स्पिरिटची वाफ पेट घेते. गॅस, दिवा, काडी, ठिणगी उडवणारं मशीन काहीही चालू नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडाला धुळीचा नव्हे, रासायनिक वाफ अडवणारा मास्क हवा. ब्रश स्पिरिटनंच धुवावे लागतात.

भिंती झाल्या की काम संपलं असं वाटतं आणि इथेच पुष्कळ जण फसतात. एसीच्या आतल्या युनिटमधला तो लांब नळकांड्यासारखा पंखा पाहा. त्याच्या पात्यांवर तपकिरी, बोटाला चिकटणारा लेप असतो. जाळी धुऊन तो जात नाही, युनिट उघडून घ्यावं लागतं. कॉइलच्या पापुद्र्यांना सोडा चालत नाही, सौम्य क्लीनर वापरावा. आणि हे प्रायमरच्या आधी करावं, नाहीतर नव्या भिंतीवर पहिल्याच रात्री जुना वास फेकला जातो. छताच्या पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, स्विचबोर्डांची झाकणं, ट्यूबलाइटची पट्टी, दारांच्या वरच्या कडा यांनाही हात फिरवावा. कपाटांच्या आतल्या आणि ड्रॉवरच्या खालच्या कोऱ्या प्लायवर पारदर्शक शेलॅकचा एक हात द्यावा. उघडं लाकूड सगळ्यात जास्त पितं.

पडदे आणि चादरी दोनदा धुवाव्यात, शेवटच्या पाण्यात कपभर व्हिनेगर घालावं आणि उन्हात वाळवावं. फोमची गादी, उशा, जाड सोफा यांच्याबद्दल मात्र आशा ठेवू नये. मध्यापर्यंत ना पाणी पोचतं ना ओझोन. ती टाकून देणंच बरं.

मग ओझोन कुणी निवडावा? भाड्याच्या घरात रंगाला हात लावायची परवानगी नसेल, ओढणारं माणूस तिथे थोडेच महिने राहिलं असेल, किंवा पुस्तकं, फाइली अशा धुता न येणाऱ्या वस्तू असतील, तर तो घेण्यात गैर काही नाही. तेव्हाही आधी धुवून घ्यावं. वरचा थर निघाल्यावर ओझोनला काम कमी उरतं आणि फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यंही कमी बनतात. दहा-पंधरा वर्षांचा धूर मुरलेल्या घरात मात्र मी थेट बादलीच हाती घेईन, आणि पूर्ण खोलीचा धीर होत नसेल तर निदान छत आणि वरचे दोन फूट तरी.

जमलंय की नाही ते तपासायला खोली चोवीस तास कडीकुलुपात ठेवावी, शक्य तो दमट दिवशी. घरात न राहणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला सकाळी दार उघडून आत पाठवावं आणि पहिल्या श्वासातच विचारावं. वास आला तर त्यानं खोलीभर न फिरता आधी एसी, मग कपाटाचं दार उघडून हुंगावं. बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.