फ्लटर : छातीतला बेडका सुटा करणारं पोलादी गोळीचं यंत्र

छातीत कफ धरून बसतो, सकाळी खोकून खोकून पोट दुखायला लागतं आणि तरी बेडका सुटत नाही, अशा माणसांसाठी हे लिहितोय. फ्लटर हे मुठीत मावणारं यंत्र आहे. एका बाजूला तोंडात धरायची नळी, दुसऱ्या बाजूला शंकूच्या आकाराची वाटी, वाटीत एक जड पोलादी गोळी आणि वर भोकांचं झाकण. बॅटरी नाही, वायर नाही, आत औषध भरायचं नाही. मला सर्जिकलच्या दुकानात हजाराच्या आत मिळालं. पाचपैकी चार गुण देईन. एक का कापला ते पुढं येईलच.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मिल खात्याला फिटर होतो. तरुणपणी टीबी झाला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, टीबी बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या होऊन राहिल्या. या आजाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. भारतातल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात एक तृतीयांशाहून अधिक जणांचं मूळ टीबीतच निघालं. म्हणजे टीबी होऊन गेलेल्या आणि वर्षानुवर्षं खोकणाऱ्या माणसांची आपल्याकडं कमी नाही. माझ्या ओळखीतल्या अशा कित्येकांच्या घरी खोकला दाबायच्या औषधाच्या बाटल्यांची रांग बघितली आहे. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कफ सुकवायचा असतो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की कफ सुकवू नका, तो पातळ ठेवा आणि वाहता ठेवा. असं का म्हणतो ते कळल्याशिवाय फ्लटरची खरी किंमत कळणार नाही, म्हणून आधी छातीच्या आतलं काम सांगतो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला चित्र काढून समजावलं होतं आणि नंतर मी मिळेल ते वाचत गेलो.

निरोगी माणसाच्या श्वासनळ्यांनाही आतून श्लेष्माचा, म्हणजे पातळ कफाचा, थर असतोच. त्यात ९७-९८ टक्के पाणी असतं. बाकी क्षार, जंतूंशी लढणारी द्रव्यं आणि म्यूसिन नावाची लांबलचक प्रथिनं. चिकटपणा येतो तो म्यूसिनमुळं. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, काजळी, जंतू या थराला चिकटतात. या थराखाली नळीच्या अस्तरावर सिलिया असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे हलते केस. एका पेशीवर साधारण २००, प्रत्येकाची लांबी ६-७ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा दीडशेवा भाग. सेकंदाला १०-१५ वेळा ते हलतात आणि आपण झोपलो तरी थांबत नाहीत.

आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या मला या हालचालीची रचना फार मोठी वाटते. सिलिया चिकट श्लेष्मात बुडालेले नसतात. त्यांच्याभोवती त्यांच्याच उंचीएवढा पातळ द्रवाचा थर असतो आणि श्लेष्मा त्याच्या वर असतो. पुढं जाताना केस ताठ होतो, त्याचं टोक श्लेष्माला टेकतं आणि त्याला घशाच्या दिशेनं रेटतं. परत येताना तोच केस वाकून खालच्या द्रवातून येतो, त्यामुळं श्लेष्मा मागं ओढला जात नाही. शेजारचा केस क्षणभर मागं राहून तीच हालचाल करतो, म्हणून रेटा सलग मिळत राहतो. मुख्य श्वासनळीत हा थर मिनिटाला सुमारे ५ ते १० मिलिमीटर वर सरकतो. घशाशी पोचला की आपण तो नकळत गिळतो आणि बहुतेक जंतू पोटातल्या आम्लात मरतात. आमच्याकडं मिलमधून बॉयलरकडं उसाचा चोथा नेणारा बगॅस कॅरिअर असायचा. तो चालू असेतोवर चोथ्याकडं कुणी बघायचंही नाही, आणि तो अडला की बघता बघता सगळी मिल थांबवावी लागायची. कफाचं नेमकं तसंच आहे. जोवर सरकतोय तोवर तो आपलं रक्षण करतो.

माझ्या रुंद झालेल्या नळ्यांत हे सरकणंच बिघडलंय. जुन्या संसर्गानं तिथलं अस्तर खराब झालं, सिलिया कमी झाले. कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींतून जी द्रव्यं बाहेर पडतात त्यांनी नळीची भिंत आणखी कमकुवत होते, आणि मग आणखी कफ. त्यातच अंगात पाणी कमी पडलं की श्लेष्मा घट्ट होतो, खालचा पातळ थर आटतो आणि उरलेले सिलिया दबून जातात. धुरानं तर सिलियांचं काम मंदावतंच. गळीत हंगामात आमच्या भागात पाचट पेटवतात, गुऱ्हाळं चालू असतात. त्या दिवसांत माझ्या छातीची अवस्था बघून घरातले आजही घाबरतात.

आता यंत्राकडं येतो. हा वजनावर चालणारा व्हॉल्व्ह आहे. आपण नळीत श्वास सोडतो तेव्हा गोळी शंकूच्या तळाशी बसून वाट अडवते. दाब वाढला की गोळी उचलली जाते, हवा निसटते, दाब उतरतो, गोळी परत बसते. एका सेकंदात हे पुष्कळ वेळा होतं, साधारण सिलियांच्या स्वतःच्या वेगाच्या आसपास. छातीवर हात ठेवला तर थरथर हाताला लागते. याचे दोन फायदे होतात. एक, मागं राहिलेल्या दाबामुळं ढिल्या नळ्या श्वास सोडताना मिटत नाहीत, उघड्या राहतात. दुसरा, हलवल्यावर श्लेष्मा पातळ होतो आणि भिंतीपासून सुटतो. सिलियांचं काम हे यंत्र करत नाही, पण त्यांना न पेलणारा माल सुटा करून देतं. बाहेर काढायचं काम मग आपल्या श्वासानं करायचं.

पद्धत नीट शिकली पाहिजे, आणि ती माहितीपत्रकावरून येत नाही. ताठ बसून कोपर टेबलावर टेकायचे. नेहमीपेक्षा थोडा जास्त श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग नळीतून सावकाश पण सलग सोडायचा. गाल फुगू द्यायचे नाहीत, नाहीतर थरथर गालातच जिरते आणि छातीपर्यंत पोचत नाही. यंत्राचा कोन किंचित वर-खाली करून बघायचा आणि छातीत सर्वात जास्त थरथर जाणवते तिथं धरायचा. असे दहाएक श्वास झाले की तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा 'हा' करत जोरात श्वास सोडायचा, दोन-तीनदा. बेडका वर आला की मगच खोकायचं. आधी मी आतड्यापासून खोकायचो आणि हाताला काही लागायचं नाही. आता थोड्या खोकल्यात काम होतं, आणि सकाळची वेळ निम्म्याहून कमी लागते.

डॉक्टरांनी नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून, मिठाचं पाणी घ्यायला सांगितलंय, ते मी फ्लटरच्या आधी घेतो. रक्तापेक्षा खारट पाणी श्वासनळीत गेलं की ते भिंतीतून पाणी ओढून घेतं आणि तो पातळ थर परत भरतो. ऑस्ट्रेलियात सिस्टिक फायब्रोसिसचे, म्हणजे कफ फार घट्ट होणाऱ्या जन्मजात आजाराचे, जे रुग्ण समुद्रात लाटांवर खेळायला जातात त्यांची फुप्फुसं बरी राहतात, हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि खारट पाण्याच्या वाफाऱ्यावरचे अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाले. खारं पाणी मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नये, काहींची छाती त्यानं आवळते. पहिल्यांदा दवाखान्यातच घ्यायचं. घरात करण्यासारखं साधं काम म्हणजे दिवसभर पुरेसं पाणी पिणं आणि चालणं.

याच कामाचं लोहचुंबकावर चालणारं यंत्रही मिळतं. ओपीडीत भेटणाऱ्या एका दादांकडं ते आहे. त्यात गोळीऐवजी तरफ असते, म्हणून ते आडवं पडूनही चालतं. फ्लटर गुरुत्वाकर्षणावर अवलंबून आहे, झोपून वापरलं की गोळी नीट बसत नाही. उठून बसता न येणाऱ्या आजारी माणसासाठी चुंबकवालंच घ्या. ते महाग पडतं. बसता येत असेल तर मला तरी फ्लटरच बरं वाटतं, कारण ते पूर्ण खोलता येतं आणि आत काय चाललंय ते दिसतं.

कापलेला गुण दोन गोष्टींचा. माझ्या यंत्राच्या झाकणाचे आटे प्लास्टिकचे आणि उथळ आहेत. घाईत लावलं तर तिरके बसतात आणि बाजूनं हवा जाते. आणि माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. खेड्यातल्या, टीबीतून उठलेल्या माणसानं ते कसं वाचायचं? मराठीत चार चित्रं छापायला फार खर्च येत नाही. स्वच्छता सोपी आहे: वापरून झालं की कोमट पाणी आणि साबण, मग पूर्ण कोरडं करायचं. ओलं ठेवलं तर जंतू परत त्याच वाटेनं छातीत. यंत्र ज्याचं त्यानंच वापरायचं, घरात दोघांत एक चालणार नाही. गोळी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ती घशात अडकू शकते.

थुंकीतून रक्त येत असेल, फुप्फुसाभोवती हवा साचल्याचं निदान झालं असेल, किंवा चेहऱ्याची, कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बाकीच्यांनीही एकदा फिजिओथेरपिस्टसमोर बसून शिकून घ्या. आणि विकत घेताना दुकानातच झाकण चार वेळा उघडून लावून बघा. आटे सरळ बसले पाहिजेत, गोळी गुळगुळीत हवी आणि झाकणाची सगळी भोकं आरपार मोकळी हवीत. तसं नसेल तर दुसरा नग मागून घ्या.