पहिल्याच उकळीत निघालेलं स्टिकर

बाळंतपणाची रजा संपत आली तशी लेकीसाठी दुधाची बाटली शोधायला लागले. घराजवळच्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, हीच न्या. इम्पोर्टेड आहे, बीपीए फ्री." ४८० रुपये, वर एक खुळखुळा फुकट. काचेसारखी लख्ख बाटली, तिच्यावर हिरव्या पानाचं स्टिकर. भुलले.

घरी उकळायला टाकली, तर पाच मिनिटांत ते पान पातेल्यात तरंगायला लागलं. खाली प्लास्टिकवर त्रिकोणात ७ चा आकडा.

७ म्हणजे 'इतर प्लास्टिक'. त्यात पॉलिकार्बोनेट येतं, आणि ते बनतं बीपीएपासून, म्हणजे बिस्फेनॉल ए. गरम पाण्याने ते थोडं थोडं दुधात उतरतं आणि शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनसारखं वागतं. युरोपने २०११ मध्ये अशा बाटल्या बंद केल्या. आपल्याकडेही आयएस १४६२५ या मानकाने २०१५ मध्ये पॉलिकार्बोनेट बाद केलं. आता ७ मध्ये बीपीए नसलेली प्लास्टिकंही येतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून मी भांडले नसते. पण खोक्यावर आयएसआयचा शिक्का होता. त्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्सचा नंबर, हा शिक्का देणाऱ्या संस्थेच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला, तर लायसन्स निघालं पाण्याच्या पाइपांचं!

खोकं घेऊन दुकानात गेले. काका म्हणाले, "वरून माल असाच येतो. वापरलेली बाटली परत घेत नाही." आणि मग, "बिल आहे का?" बिल मी मागितलंच नव्हतं. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारी मी!

१९९२ च्या कायद्याप्रमाणे आयएसआय शिक्क्याशिवाय दुधाची बाटली विकताच येत नाही. बाटली खपावी म्हणून आमिष दाखवायलाही बंदी आहे, म्हणजे तो खुळखुळाही बेकायदाच. अ‍ॅपवरून तक्रार केलीय, खोक्याचे फोटो जोडून. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच नंबर टाकून बघा, आणि बिल घ्या. पॉलिप्रॉपिलिनची बाटली दुधट, धुरकट दिसते, तिच्यावर ५ असतो. दिसायला गरीब, पण तीच बघा.

आमच्याकडे आईने माळ्यावरून माझंच चांदीचं बोंडलं काढलंय. लेक निम्मं दूध हनुवटीवरून गळ्यात सांडते, आणि आई म्हणते, "तू तर सगळंच सांडायचीस."