शिक्षकांसाठी व्हॉट्सॲप कम्युनिटी: सोय चांगली, पण मान राखायचे काम माणसांचेच

नोव्हेंबर 2022 मध्ये आलेली व्हॉट्सॲपची कम्युनिटी ही सोय, म्हणजे अनेक गट एका छताखाली आणणारी रचना, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या समूहातल्या) जिल्हा परिषद शिक्षकांनी स्वीकारली, तेव्हा मुख्य अपेक्षा एवढीच होती की परिपत्रके एकीकडे राहावीत आणि चर्चा दुसरीकडे. ती पूर्ण झाली. घोषणांच्या गटात फक्त ॲडमिन लिहू शकत असल्याने शुभेच्छांच्या चित्रांखाली संच मान्यतेची (शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकसंख्येची) माहिती आता हरवत नाही.

चर्चेच्या गटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी हातच्याच्या वजाबाकीची चित्रफीत टाकली, तेव्हा नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने, दशकाचा म्हणजे दहाचा गठ्ठा सुटा करून दाखवल्याशिवाय मुलांना ही क्रिया कळत नाही, असे सर्वांसमक्ष लिहिले. मुद्दा अगदी बरोबर होता. परंतु "सर" हा शब्दही नसलेले ते एका ओळीचे उत्तर ज्येष्ठांना झोंबले आणि पुढचे दोन दिवस गणित बाजूला पडून सेवाज्येष्ठतेचीच उजळणी झाली.

ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, पण तो कोणी काढला हे गटात नावानिशी दिसते, त्यामुळे तंटा मिटण्याऐवजी तो संदेश काढणाऱ्या ॲडमिनवर, म्हणजे बिचाऱ्या केंद्रप्रमुखांवरच, पक्षपाताचा ठपका आला. गट सोडल्याची सूचना केवळ ॲडमिनला जाते, ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटली; रुसलेल्या माणसाला गाजावाजा न होता बाहेर पडता येते. सूचनांसाठी कम्युनिटी अवश्य वापरावी, अध्यापनातील मतभेद मात्र शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, समोरासमोर, फळ्यावर गणित मांडूनच बोलावेत.