दोरीच्या अलीकडून: डॉग शोसाठी टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८

डॉग शोच्या मैदानात हौशी फोटोग्राफरची जागा ठरलेली असते: रिंगच्या दोरीबाहेर. आत जज, रिंगची व्यवस्था बघणारा स्टुअर्ड, कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणारा हँडलर आणि कुत्री. कमिटीने नेमलेला फोटोग्राफर असला तर तो. इतरांनी दोरीवरून साधी कोपरंही आत टेकवायची नाहीत. म्हणून या कामासाठी लेन्स निवडताना ‘शार्प किती’ हा प्रश्न नंतर येतो. आधी बघायचं ते हे, की ती लेन्स तुम्हाला दोरीच्या अलीकडे गप्प उभं राहू देते का. सोनी ई-माउंटवरची टॅमरॉन ७०-१८० एमएम एफ/२.८, म्हणजे २०२० सालची पहिली आवृत्ती, या परीक्षेत पास होते. पहिल्या वर्गात मात्र नाही.

वजन ८१० ग्रॅम, लांबी १४९ मिलिमीटर, फिल्टर ६७ मिलिमीटरचा. सोनीची स्वतःची ७०-२०० जीएमची दुसरी आवृत्ती १,०४५ ग्रॅमची आणि २०० मिलिमीटर लांब आहे, शिवाय पांढरीशुभ्र. आकाराचा फरक शोमध्ये लगेच कळतो. समोरचं मोठं, गोल, काळं भिंग बऱ्याच कुत्र्यांना रोखून बघणाऱ्या डोळ्यासारखं वाटतं. पपी क्लासमधलं (पिल्लांच्या स्पर्धागटातलं) पिल्लू तर शेपूट पोटाखाली घालतं आणि हँडलरची महिनाभराची मेहनत तिथेच वाया जाते. टॅमरॉनचं नळकांडं छोटं आणि काळं असल्यामुळे हा त्रास कमी होतो, पण संपत नाही. अनोळखी कुत्र्यापासून किमान तीन मीटर लांब राहा. लेन्स ८५ सेंटीमीटरवर फोकस करते, पण तेवढं जवळ जायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आता पल्ल्याचा हिशेब. फुलफ्रेमवर (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर) १८० एमएमला दहा मीटरवरून फ्रेमची रुंदी दोन मीटर येते. लॅब्रडॉर त्यात ऐसपैस बसतो, चारी पाय आणि शेपटीचं टोक न कापता. वीस मीटरवर तीच रुंदी चार मीटर होते आणि कुत्रा फ्रेमच्या कोपऱ्यात हरवतो. बेस्ट इन शोची, म्हणजे शोमधलं सर्वोत्तम कुत्रं निवडायच्या शेवटच्या फेरीची रिंग मोठी असते. नेमकं तिथेच माणूस दोरीवर झुकतो, मग स्टुअर्ड ओरडतो. झुकण्याऐवजी कॅमेऱ्यातला एपीएस-सी क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) चालू करा: वीस मीटरवर रुंदी साधारण २.७ मीटर होते. सोनीच्या ए-सेव्हन थ्री कॅमेऱ्यावर २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. मालकाच्या मोबाइलसाठी आणि ए-फोर प्रिंटसाठी ते पुरतात.

स्टॅक केलेल्या, म्हणजे ठरावीक पवित्र्यात स्थिर उभ्या केलेल्या कुत्र्याचा फोटो हा या लेन्सचा खरा प्रांत. ब्रीडरला त्यात हवं असतं ते असं: पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायाचा हॉकखालचा (घोट्याखालचा) भाग जमिनीला काटकोनात, पाठीची रेष स्वच्छ. तुम्ही बरगड्यांच्या बरोबर समोर, काटकोनात हवे. हातभर पुढे सरकलात तर मान आखूड आणि छाती फुगलेली दिसते; मागे सरकलात तर पुठ्ठे जड. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, म्हणून गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा कुत्र्याच्या कोपराच्या उंचीला आणा. डॅशहुंडसाठी सरळ मांडी घालून बसा. १३५ एमएमच्या पुढे राहिलात तर प्रमाण बिघडत नाही. भिंग एफ/२.८ ला पूर्ण उघडं ठेवायचा मोह इथे नको: १८० एमएमला पाच मीटरवर फोकसची खोली जेमतेम १३ सेंटीमीटर भरते, म्हणजे अलीकडचा खांदा स्पष्ट आणि पलीकडचा पाय लोण्यासारखा. एफ/५.६ ला ती दुप्पट होते. शटर १/२५० पुरे.

चाल टिपायला १/१०००च्या खाली जाऊ नका. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम. पुढचा पाय पूर्ण फेकलेला आणि मागचा पूर्ण ताणलेला, तो क्षण ठेवायचा. पाय पोटाखाली एकत्र येतात त्या फ्रेममध्ये उत्तम चालीचं कुत्रंही लंगडं वाटतं. बर्स्टमधल्या (एका दमात काढलेल्या फोटोंच्या मालिकेतल्या) अशा फ्रेम घरी नेऊन पुसून टाका. ग्रुपवर टाकायच्या नाहीत, ‘गंमत म्हणून’ तर मुळीच नाही. त्या एका फोटोवरून कुणी कुत्र्याच्या मागच्या पायांबद्दल शेरा मारला की तो शेरा पुढच्या विणीच्या पिल्लांपर्यंत जातो.

फोकस मोटर जवळजवळ मुकी आहे, प्रश्न कॅमेऱ्याच्या शटरचा आहे. टेबलवर जज छोट्या जातीच्या कुत्र्याचे दात बघत असतात, नराचे वृषण तपासत असतात. तेव्हा खटखट बर्स्ट मारलात आणि कुत्रं दचकलं तर दोष तुमचा असतो आणि भोगतो हँडलर. सायलेंट शटर लावावं, तर हॉलमधल्या एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकवते. १/१०० ला पट्टे जातात, पण धावणारं कुत्रं हलतं. यावर सोपा तोडगा नाही. हॉलमध्ये मेकॅनिकल शटर, एकेकच क्लिक आणि टेबलची तपासणी चालू असताना बोट बटणावरून बाजूला. फ्लॅश तर बॅगेतही नको.

आणखी एक देशी अडचण: मांडवाचं कापड. लाल-पिवळ्या छताखाली पांढरा पोमेरेनियन गुलाबी येतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला नवा रंग ठरवतो. रॉमध्ये (रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि रिंग सुरू व्हायच्या आधी त्याच सावलीत पांढऱ्या कागदाचा एक फोटो घेऊन ठेवा. काळ्या लॅब्रडॉरला कॅमेऱ्याचं प्रकाशमीटर उगाच उजळवतं, तिथे एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप ठेवा. पांढऱ्याला उलटं, अधिक एक. डोळे झाकणाऱ्या केसांच्या जातींत, ल्हासा आप्सो वगैरे, अॅनिमल आय एएफ (प्राण्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस) अनेकदा नाकावर जातो. छोटा फोकस पॉइंट हाताने भुवईवर ठेवा. लेन्सवर एएफ-एमएफचा (ऑटो आणि हाताने फोकस बदलायचा) स्विच नाही, तो मेनूत शोधावा लागतो. हा या आवृत्तीचा सर्वात चिडवणारा दोष.

कुत्र्याने कान टवकारावेत म्हणून शिट्टी मारायची किंवा चूं-चूं खेळणं वाजवायचं, हे जजिंग चालू असताना पूर्ण बंद. बाहेरून लक्ष वेधणं म्हणजे डबल हँडलिंग, आणि त्याचा फटका ज्याचा फोटो तुम्ही काढताय त्यालाच बसू शकतो. जर्मन शेफर्डच्या खास शोंची रीत वेगळी: तिथे मालक रिंगभोवती पळत हाका मारतातच, तेव्हा दोरीच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून बसू नका, तुडवले जाल.

परवानगी कधी मागायची? हँडलर रिंगच्या तोंडाशी कंगवा घेऊन उभा असताना कधीच नाही. क्लास संपला, कुत्र्याला पाणी मिळालं, मग. एक वाक्य पुरतं: “दादा, दोन मिनिटं स्टॅक करून द्याल का? फोटो तुम्हाला पाठवतो.” ग्रूम केलेल्या अंगावरून हात फिरवायचा नाही, स्वतःचं बिस्कीट द्यायचं नाही. विजेत्याचा पोडियम आणि मागचा फलक हे नेमलेल्या फोटोग्राफरचं पोटापाण्याचं काम आहे, त्याच्या खांद्यावरून तीच फ्रेम चोरू नका. जज वहीत लिहीत असताना लेन्स तिकडे वळवणंही टाळा.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काम सांगितलेलं नसेल तर फोटोचा पहिला मालक काढणाराच. तरी टाकण्याआधी विचारा आणि केनलचं (कुत्र्यांच्या पैदास-केंद्राचं) नाव त्यांनी सांगितलं तसंच लिहा. वॉटरमार्क गवतावर चालतो, कुत्र्याच्या पाठीच्या रेषेवर नाही.

घ्यायची तर कुणी? लहान-मध्यम रिंगा, सकाळचं ऊन आणि मानेला दिवसभर कॅमेरा, अशांनी जरूर. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, पण १/१०००ला त्याची आठवण येत नाही. लेन्सला स्टँड जोडायचा ट्रायपॉड कॉलरही नाही. मोनोपॉड (एकपायी स्टँड) थेट बॉडीला लावावा लागतो आणि नाकाकडून जड पडतो. झूम करताना नळी बाहेर येते, मैदानाची धूळ तिच्यावर बसते, दर तासाला ब्रश फिरवा. २०२३ची दुसरी आवृत्ती ८५५ ग्रॅमची आहे, तिच्यात स्टॅबिलायझर आला आहे. हॉलमधल्या शोंसाठी फरकाचे पैसे तिथे टाका. आणि कोणतीही घेतलीत तरी बॅग जमिनीवर ठेवू नका. शोमध्ये नर कुत्री भरपूर असतात आणि टेकवलेली बॅग त्यांना खांबच वाटते.