गिलाव्याआडचा गंज: स्लॅबच्या दुरुस्तीत आम्ही कसे फसलो

ज्यांचं घर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं आरसीसी आहे आणि छताचे पोपडे सुटायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचे चार लाखांच्या आसपास पैसे गेले. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे माझी ७८ वर्षांची आई दहा महिने अशा छताखाली स्वयंपाक करत होती, जे दुरुस्तीमुळे आधीपेक्षा जास्त धोकादायक झालं होतं. ठेकेदाराचं नाव देत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. त्याची पद्धत मात्र जशी होती तशी सांगते.

आमचं घर पुण्यात सहकारनगरमध्ये आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आजोबांचं शनिवार पेठेतलं बिऱ्हाड गेलं. त्यानंतर बाबांनी पै पै जोडून १९७४ साली हे बैठं घर बांधलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, टॉरच्या म्हणजे पीळ दिलेल्या सळया आणि गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा. बाबा गेल्यावर आई तिथे एकटीच राहते. मी वारज्याला असते, दादा कॅनडात विनिपेगला.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताचा ताटाएवढा तुकडा ओट्यावर पडला. आई दूध गॅसवर ठेवून देवघरात गेली होती म्हणून वाचली. वर पाहिलं तर दोन सळया उघड्या पडलेल्या, तांबूस, पापुद्रे सुटलेल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत एका बंगल्याचं काम चालू होतं, तिथला ठेकेदार आईने बोलावला. चाळिशीचा, बोलायला अत्यंत नम्र. आईचं माहेर वाईचं आहे कळल्यावर आपलं आजोळही तिकडचंच असल्याचं त्याने सांगितलं. चहा घेतला, मग लांब दांड्याच्या हातोडीने छत ठोकत फिरला. जिथे पोकळ आवाज आला तिथे दणका देऊन आणखी दोन पोपडे पाडले आणि म्हणाला, "काकू, आज मी आलो म्हणून बरं. हे रात्री कधीही खाली आलं असतं." आई त्या रात्री झोपली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, त्याला लगेच हो म्हण. आम्हाला विचार करायला वेळच राहू नये, हे त्याने पहिल्या तासातच साधलं होतं.

कोटेशन आलं ४ लाख २० हजारांचं. त्यात सगळे बरोबर शब्द होते: सळया साफ करणे, गंजरोधक रंग, पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी रसायन मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दहा वर्षांची वॉरंटी. फक्त किती चौरस फूट, कोणत्या कंपनीचं पॉलिमर, किती किलो, सळई किती झिजली तर बदलणार, हे कुठेच नव्हतं. मला तेव्हा ते खटकलं नाही. शब्द ओळखीचे वाटले आणि मी पुढे गेले.

व्यवहार पक्का झाला तो दादाच्या व्हिडिओ कॉलवर. दादाचं विनिपेगचं घरही जुनं, १९५०च्या दशकातलं. तिकडे थंडीत पारा उणे तीसपर्यंत जातो. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने त्याच्या दाराच्या पायऱ्या आणि गाडीवाटेचा पृष्ठभाग खपल्या निघाल्यासारखा सुटला होता. त्याने ते सगळं फोडून नव्याने करून घेतलं होतं, त्यामुळे त्याला त्यातलं थोडंफार माहीत होतं. त्याने ठेकेदाराला विचारलं, तुम्ही हवेचे बुडबुडे तयार करणारं मिश्रण वापरता का, एअर एन्ट्रेनिंग? ठेकेदार क्षणभरही थांबला नाही. "हो साहेब, तेच. बाहेरच्या देशातलं केमिकल आहे. तुमच्याकडे उणे तीसमध्ये टिकतं, मग पुण्यात काय होणार त्याला?" दादा निश्चिंत झाला आणि त्याने निम्मे पैसे पाठवले.

त्या एका वाक्यात आमची फसवणूक होती, पण ती कळायला मला वर्ष लागलं. पुढे ज्या स्ट्रक्चरल इंजिनीअर मॅडम आल्या, त्यांनी समजावलं. थंड देशात काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेलं पाणी गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. हिवाळाभर गोठणं आणि वितळणं चालू राहिलं की काँक्रीट आतून फुटत जातं. म्हणून तिकडे उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये ५ ते ८ टक्के हवा अगदी बारीक बुडबुड्यांच्या रूपात मुद्दाम ठेवतात. फुगणाऱ्या पाण्याला तिथे जागा मिळते. पुण्यातल्या स्वयंपाकघराच्या छताला हा आजारच नाही. आपल्याकडे पाणी गोठत नाही, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. आजार सळईचा आणि औषध बर्फाचं. ते औषधसुद्धा त्याच्याकडे नव्हतं, त्याने फक्त दादाच्या तोंडचा शब्द उचलला होता. ठेकेदाराला प्रश्न विचारताना उत्तर आपणच पुरवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. "तुम्ही अमुक वापरता का?" असं विचारलं की "हो" येणारच. "तुम्ही काय वापरता आणि का?" असं विचारा आणि गप्प बसा.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, धूळ फार होणार, काकूंना त्रास होईल. तुमच्याकडे घेऊन जा." काळजीने बोलतोय असं वाटलं. मी आईला वारज्याला आणलं आणि घराची किल्ली त्याच्या हातात दिली. नोकरीमुळे मी दर रविवारी जायचे, आणि रविवारी काम बंद. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मात्र यायचे: काँक्रीट फोडून मोकळ्या केलेल्या सळया, घासून चकचकीत झालेल्या, मग त्यांच्यावर करडा रंग. मी ते फोटो कौतुकाने दादाला पाठवत होते. सोळाव्या दिवशी गेले तेव्हा गिलावा होऊन वर पुट्टीचा हातही फिरला होता. छत आरशासारखं गुळगुळीत. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर ३ लाख ९० हजार देऊन झाले होते. त्यातले १ लाख १० हजार यूपीआयने आणि बाकीचे रोख, कारण "बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, काकूंचे पैसे कशाला वाया घालवायचे". म्हणजे बिल नाही. वॉरंटीचं पत्र मिळालं, त्यावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता.

पुढच्या जूनमध्ये, तिसऱ्या की चौथ्या पावसानंतर, छतावर केसासारखी भेग दिसली. ती सरळ रेषेत, सळईच्या वाटेने गेली होती. चार दिवसांत तिच्या कडेने पिवळट डाग उमटला. ठेकेदार म्हणाला, नवा गिलावा आहे, भेगा पडतात. नंतर फोन उचलेना, मग नंबरच बंद झाला. जुलैत एका रात्री तीन फूट लांबीचा पट्टा खाली आला. ओट्याची फरशी फुटली.

तो तुकडा मी अजून वर्तमानपत्रात बांधून ठेवला आहे. जाडी जवळपास दोन इंच. बाहेरून पुट्टी, मग सिमेंटचा गिलावा, त्यात कोंबडीची जाळी, आणि मागच्या बाजूला गंजाचा लालसर ठसा, सळईच्या पिळाच्या खुणांसकट. म्हणजे गंजलेली सळई घासलीही नव्हती. तिच्यावर जाळी ठोकून थेट माल मारला होता. मग फोटो कुठले? मी फोनमध्ये ते मोठे करून पाहत बसले. एका फोटोच्या कोपऱ्यात खालची फरशी दिसत होती, पांढरी आणि चकचकीत. आमच्या स्वयंपाकघरात बाबांनी घातलेली शहाबादी आहे. सोळा दिवस मी दुसऱ्याच्या घराच्या सळया पाहत होते.

मॅडमनी आल्यावर आधी आईला त्या खोलीतून बाहेर काढलं आणि छताला लोखंडी टेकू लावून घेतले. पहिल्या ठेकेदाराने टेकू लावलेच नव्हते. शेजारच्या काकूंनी सांगितलं की खांब-जॅक काही आलं नाही, फक्त दोन मुलं आणि वर उभं राहायला एक घोडा. मॅडमनी काँक्रीटला ताजी खाच पाडून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. चांगलं काँक्रीट त्याने गडद गुलाबी होतं. आमच्या खाचेत गुलाबी रंग सळईच्या बराच वर, आत खोलवर दिसला. सळईभोवती मूळचाच करडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून काँक्रीटचा अल्कधर्मी गुण संपवतो आणि त्याबरोबर सळईचं संरक्षण जातं, असं त्यांनी सांगितलं. मग व्हर्नियरने सळई मोजली. मूळची १० मिलिमीटरची सळई गंज काढल्यावर ७ वर आली होती. तीनच मिलिमीटर, असं मी म्हणाले. त्यांनी कागदावर गणित करून दाखवलं: व्यास १० चा ७ झाला की छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून किंचित कमी उरतं. निम्मी सळई शिल्लक होती.

आणि अशा छतावर दोन इंच जाड गिलावा टांगला होता. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो. दहा बाय बाराच्या स्वयंपाकघराला एक टनाच्या वर. हे ऐकल्यावर मला खरंच बसावं लागलं.

पॉलिमरचंही तसंच. मॅडम म्हणाल्या, ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला साधारण साडेसात ते १० किलो पॉलिमर लागतं. रिकाम्या गोण्या ११ होत्या, हे भंगारवाल्याला त्या देताना शेजारच्या काकूंनी मोजलं होतं. म्हणजे किमान ८० किलो पॉलिमर हवं होतं. मागच्या अंगणात ५ किलोचा एकच डबा सापडला. गच्चीवरचा कोबा तर त्याने उचललाच नव्हता. वरून पांढरा रंग फासला होता आणि पाणी पूर्वीसारखंच खाली उतरत होतं. वरची गळती न थांबवता खालून दुरुस्ती करणं म्हणजे नुसता खर्च.

आता खरं काम चालू आहे आणि मी रजा काढून रोज तिथे बसते. आधी गच्ची: जुना कोबा काढून नवा, उतारासकट, आणि पाणी कोंडून चाचणी. मग खालून सैल काँक्रीट काढायचं, सळईच्या नुसतं खालून नाही, तर तिच्या मागे बोट जाईल इतकं. तारेच्या ब्रशने आणि मशीनने गंज पूर्ण काढायचा, झिंकचा रंग, जिथे सळई फार झिजली तिथे शेजारी नवी सळई पुरेशा लांबीने जोडायची. मग बाँडिंगचा, म्हणजे जुन्या काँक्रीटला नवा माल धरून ठेवणारा हात, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर, पातळ थरांमध्ये. मॅडमनी करारातच लिहून घेतलं आहे की सळया उघड्या झाल्यावर त्यांनी स्वतः पाहून सही केल्याशिवाय पुढचा थर लागणार नाही आणि पुढचा हप्ताही मिळणार नाही. डबे सीलबंद येतात, माझ्यासमोर फोडले जातात आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत अंगणात राहतात. मागच्या वेळी एवढं एकच केलं असतं, एका उघड्या सळईला स्वतःच्या हाताने स्पर्श केला असता, तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी पळून गेला असता.

महापालिका कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. आमच्या बैठ्या घराला कोण विचारतंय, असं समजून आम्ही ती कधीच केली नाही. मॅडमची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ निघाली. जो दुरुस्ती करणार त्यानेच आजार सांगायचा, ही पहिली चूक आमची होती, हे मी मान्य करते. तपासणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा ठेवा.

पोलीस चौकीत अर्ज दिला, तिथे हा दिवाणी मामला आहे असं सांगितलं गेलं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हे लक्षात ठेवा, कारण "बघतो, येतो" करत ठेकेदार तेच दिवस खातात. पुरावा म्हणून कामाला आले ते यूपीआयचे १ लाख १० हजार, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते खोटे फोटो आणि मॅडमचा लेखी अहवाल. रोख दिलेल्या २ लाख ८० हजारांना कागद नाही. जीएसटी वाचवायच्या नादात आम्ही आमचाच पुरावा वाचवला नाही.

दादाला हे सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, माझ्या पायऱ्यांचं काम झालं तेव्हा तो माणूस थंडीत काँक्रीटवर पांघरूण घालून बसायचा, आणि मी कॉफी घेऊन शेजारी उभा असायचो. इथे मी फोनवरून हो म्हणालो."

सोमवारी स्वयंपाकघरातल्या सळयांना झिंकचा हात लागला. आई आता हॉलमध्ये छोट्या शेगडीवर स्वयंपाक करते. मुकादमाने तिला दारातच थांबायला सांगितलं, तर तिने तिथूनच बॅटरीचा झोत वर टाकला आणि एकेक सळई मोजली. चौदा झाल्या.