हिकारी फ्रोझन मायसिस: वाळलेल्या कॉपरबँड माशासाठी घ्यावं का?

मायसिस म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, हिकारी कंपनी ते गोठवून विकते. घ्यावं, पण मासा आधी खायला लागलेला हवा.

माझा कॉपरबँड बटरफ्लाय (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो मासा) दुकानातून आला तेव्हाच पोट खपाटीला गेलेलं आणि डोळ्यांच्या मागे डोक्यावरचा भाग आत दबलेला. पोट एखाददुसरा दिवस उपाशी राहिला तरी आत जातं हो, ते भरूनही येतं, पण डोक्यामागचं, पाठीवरचं मांस उतरलं की समजायचं मासा स्वतःचे स्नायू जाळून जगतोय, तिथे वाट बघत बसू नका.

आता माल कसा आहे ते. 100 ग्रॅमचं पॅक, त्यात छोटे क्यूब, एकेक दाबून काढायचा. वितळल्यावर मायसिस बऱ्यापैकी अख्खे निघतात, डोळे दिसतात काळे, आणि पाण्यात हळूहळू खाली जातात तेव्हा जिवंत असल्यासारखे वाटतात. वजन वाढवायला ब्राइन श्रिंपपेक्षा (माशांना देतात ती दुसरी बारीक कोळंबी) हे कितीतरी बरं, कारण मोठा झालेला ब्राइन श्रिंप बाहेरून काही पोषण न लावता दिला तर त्यात फारसा दम नसतो, मायसिसमध्ये प्रोटीनही चांगलं आणि समुद्री माशाला लागणारे ओमेगा-3 सुद्धा. मी वरून सेल्कॉनचे (व्हिटॅमिन आणि ओमेगा-3 चं द्रावण) थेंब टाकून थोडा वेळ मुरवते.

पण नवीन आणलेला कॉपरबँड हे बघतसुद्धा नाही बऱ्याचदा! त्याची ती लांब चोच खडकाच्या फटीतून किडे ओढायला बनलीये, पाण्यात तरंगणारा तुकडा म्हणजे खाणं हे त्याला कळतच नाही. त्याला सुरुवात करून दिली ती कोळणीकडच्या तिसऱ्यांनी, म्हणजे खायच्या शिंपल्यांनी. आधी फ्रीझरमध्ये ठेवून मग उघडून अर्धा शिंपला तसाच टँकमध्ये ठेवायचा, मासा येऊन टोचायला लागतो. ते जमलं की त्याच शिंपल्यात मायसिस भरायचे, मग हळूहळू शिंपल्याबाहेर. नुसत्या तिसऱ्यांवर मात्र ठेवू नका, त्यात थायमिनेज असतं, ते बी1 व्हिटॅमिन मोडतं आणि फ्रीझ केल्याने जात नाही.

एकदा मायसिस घ्यायला लागला की खरं काम सुरू, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, रिटर्न पंप (टँकमध्ये पाणी परत सोडणारा) बंद करून, आणि टँग वगैरे दांडगे मासे असतील तर याला वेगळ्या बॉक्समध्ये ठेवून, नाहीतर सगळं तेच खातात. आधी पोट गोल होतं, डोक्यामागचा खळगा भरायला खूप जास्त वेळ लागतो, धीर धरा प्लीज.

तक्रार एवढीच की काही क्यूबमध्ये चुरा जास्त असतो, म्हणून चहाच्या गाळणीत टँकच्याच थोड्या पाण्याने धुऊन घ्या, ते गढूळ पाणी टँकमध्ये गेलं तर फॉस्फेट वाढवतं. आणि घेताना क्यूब एकमेकांत वाहून चिकटलेले, तपकिरी दिसले तर परत करा, मध्येच वितळून पुन्हा गोठवलेला माल आहे तो. कुरियरने मागवणार असाल तर थर्माकोल बॉक्स आणि आइस पॅक देतात का हे आधीच विचारा, इथल्या उन्हात साध्या पाकिटात काही टिकत नाही.

पाचपैकी चार देईन. खातोय भरपूर तरी वाळतच चाललाय आणि शी पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय असं असेल तर पोटात जंत किंवा परजीवी असू शकतात, तेव्हा दुसरं पॅक घ्यायच्या आधी त्याला क्वारंटाइनमध्ये घेऊन औषधाचं बघा.