परीक्षकाच्या खुर्चीत नेमके कोणी बसावे?

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत स्पर्धकांचे गाणे प्रेक्षक ज्या बारकाईने तोलतात, त्या बारकाईने परीक्षकांची कामगिरी क्वचितच तोलली जाते. वास्तविक एका भागातून गाण्यांचा वेळ वजा केला, तर उरलेल्या वेळातील मोठा हिस्सा परीक्षकांच्या बोलण्याने व्यापलेला असतो आणि कार्यक्रमाची जाहिरातही बहुधा त्यांच्याच चेहऱ्यांवर होते. म्हणून येथे स्पर्धकांना बाजूला ठेवून परीक्षकांच्या कामाचे मूल्यमापन करायचे आहे. त्यासाठी मी एकच कसोटी लावतो: अभिप्राय ऐकल्यावर स्पर्धकाला पुढचे गाणे अधिक चांगले गाता येईल काय, आणि प्रेक्षकाला तेच गाणे पुन्हा ऐकताना आधी निसटलेले काही कानी पडेल काय?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. स्पर्धक मुखडा नेटका गातो. अंतऱ्यात चाल तार सप्तकात चढते, तेथेही त्याचा आवाज पोहोचतो. पण ओळीच्या शेवटी लांबवायचा स्वर किंचित उतरतो. वाद्यवृंदाच्या गजरात तो उतरलेला स्वर घरी बसलेल्या अनेकांना नेमका ओळखता येत नाही, काहीतरी बिनसले एवढेच जाणवते. पहिला परीक्षक म्हणतो की अंगावर काटा आला. दुसरा म्हणतो की थोडे बेसूर झाले, पण मेहनत दिसते. तिसरा म्हणतो, ‘‘श्वास तू शब्दाच्या मधोमध घाईने घेतलास, म्हणून तो अपुरा पडला; ओळ सुरू होण्याआधी जी जागा आहे तेथे पुरता श्वास घे, शेवटचा स्वर आपोआप टिकेल.’’ मग ती ओळ तो दोन्ही प्रकारे गाऊन दाखवतो. पहिल्या दोघांचे बोलणे खोटे नसते. पण त्यातून स्पर्धकाच्या हाती काहीच लागत नाही. तिसऱ्याने मात्र दोषाचे कारण सांगितले, उपाय सांगितला आणि आपले म्हणणे खरे आहे की नाही हे सर्वांना पडताळता येईल अशा रीतीने पुढे ठेवले. परीक्षणाची प्रत ठरते ती येथे.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेली समिती म्हणजे 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘अमेरिकन आयडॉल’ची पहिली समिती. त्याआधी 2001 मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ आला होता आणि तेथील सायमन कॉवेल अमेरिकेतील कार्यक्रमातही परीक्षक झाले. त्यांच्या जोडीला बास गिटारवादक व निर्माते रँडी जॅक्सन आणि गायिका व नृत्यदिग्दर्शिका पॉला अब्दुल होत्या. कॉवेल लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांच्या कठोर बोलण्यामुळे, आणि नंतर जगभरच्या कार्यक्रमांत ‘कडक परीक्षक’ नावाचे एक ठरीव पात्रच तयार झाले. माझ्या मते त्या अनुकरणात मूळ गुण हरवला. कॉवेल ध्वनिमुद्रिका कंपन्यांमध्ये काम करून आलेले होते आणि हा आवाज बाजारात उभा राहील काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर ते देत असत. तो प्रश्न तुम्हाला पटो वा न पटो, त्यांचा मापदंड काय आहे हे स्पर्धकाला आणि प्रेक्षकाला पक्के ठाऊक होते. गळ्याच्या तंत्राविषयी ते फारसे शिकवत नसत. सूर ढळला की ते बोलून दाखवण्याचे काम बरेचदा जॅक्सन करीत आणि स्पर्धकाच्या मनःस्थितीकडे अब्दुल पाहत. तीन माणसे तीन वेगळ्या गोष्टी ऐकत होती, म्हणून ती समिती उपयोगी ठरली. आजच्या अनेक समित्यांत तिघेही एकच गोष्ट ऐकतात आणि तीच वेगवेगळ्या विशेषणांत सांगतात. कठोरपणाचे केवळ सोंग घेणाऱ्या परीक्षकाला माझ्याकडून कमी गुण मिळतील, कारण स्पर्धकाच्या दिसण्यावर किंवा कपड्यांवर टोमणा मारायला कान लागत नाही.

परीक्षकाच्या कानावर आपण किती अवलंबून असतो, हे घरी ऐकू येणाऱ्या आवाजामुळे अधिकच जाणवते. मंचावरचा आवाज आपल्यापर्यंत ध्वनिमिश्रण होऊन येतो. 2010 मध्ये ब्रिटनच्या ‘द एक्स फॅक्टर’मध्ये चाचणी फेरीतील काही गाण्यांवर सूर दुरुस्त करणारे ऑटोट्यून तंत्र वापरल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला. सभागृहातील परीक्षकाने ऐकलेले गाणे आणि घरी पोहोचलेले गाणे यांत असा फरक पडत असेल, तर मंचावर प्रत्यक्ष काय घडले याचा विश्वासू साक्षीदार परीक्षकच उरतो. त्याने सूर, लय, शब्दोच्चार, श्वास यांविषयी स्पष्ट न बोलता ‘आज मजा आली’ एवढ्यावर भागवले, तर प्रेक्षकाकडे पडताळण्याचे दुसरे साधन नसते.

‘द व्हॉइस’ या कार्यक्रमाने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला. 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये आणि 2011 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या स्पर्धेत पहिल्या फेरीत परीक्षक मंचाकडे पाठ करून बसतात आणि आवाज आवडला तरच कळ दाबून खुर्ची फिरवतात. स्पर्धकाचे रूप, वय, पेहराव यांचा प्रभाव टाळणारी ही रचना मला मनापासून आवडते. गाणे चालू असतानाच निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे परीक्षकाचा कान उघड्यावर येतो: कोणाला पहिल्याच ओळीत आवाजाचा पोत कळला, कोण उंच स्वराची वाट पाहत थांबला, शेजाऱ्याने कळ दाबल्यावर कोणाचा हात हलला. पण खुर्ची फिरली की परीक्षक आपल्या गटात येण्यासाठी स्पर्धकाची मनधरणी करू लागतो आणि परीक्षणाची जागा आर्जव घेते. म्हणून या कार्यक्रमात मी नेहमी खुर्ची न फिरवणाऱ्या परीक्षकाचे बोलणे अधिक लक्ष देऊन ऐकतो. आपण का थांबलो, कोणत्या ओळीत मन वळले होते आणि कोठे पुन्हा शंका आली, हे तो प्रामाणिकपणे सांगतो तेव्हा त्या दोन वाक्यांत स्पर्धकाला सगळ्या कौतुकाहून अधिक मिळते.

परीक्षक हाच मार्गदर्शक असला, की हितसंबंधांचा पेच उभा राहतो. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स फॅक्टर’मध्ये प्रत्येक परीक्षकाकडे स्पर्धकांचा एक गट सोपवलेला असे आणि तोच परीक्षक इतरांच्या गटांतील गाण्यांवरही मत देत असे. आपल्या स्पर्धकाची बाजू घेणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. तरीही आपल्याच शिष्याची गाण्याची निवड चुकली हे जाहीरपणे मान्य करणारा, आणि प्रतिस्पर्धी गटातील गाणे सरस झाले तेव्हा हात आखडता न घेणारा परीक्षक या रचनेतही वेगळा उठून दिसतो.

भारतातील परंपरा सुरुवातीला निराळी होती. 1995 मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाला, तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालन करीत आणि परीक्षणाला शास्त्रीय संगीतातील ज्येष्ठ कलावंत व चित्रपटसंगीतातील संगीतकार येत. त्या बोलण्यात चटपटीतपणा कमी होता, पण गाण्यातील कोणती जागा कशी घ्यावी, पट्टी (गाण्याचा आधारस्वर) कोणती निवडावी, हरकत (स्वरांची छोटी सजावट) कोठे घ्यावी आणि कोठे मोह आवरावा, हे प्रेक्षकालाही शिकायला मिळे. पट्टीच्या निवडीविषयी आज परीक्षक फार थोडे बोलतात, ही माझी मोठी तक्रार आहे. पुरुष गायकाचे गाणे मुलीने गायला घेतले किंवा उलट झाले, तर अर्धे यश योग्य पट्टी निवडण्यात असते. चुकीच्या पट्टीत मंद्र म्हणजे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत किंवा वरचे स्वर ताणले जातात, आणि दोष मात्र गळ्याच्या माथी मारला जातो.

पुढे पाहुण्या परीक्षकांची प्रथा वाढली आणि कौतुकाचा पूर आला. 2021 मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वातील किशोरकुमार यांच्या गाण्यांवरील विशेष भागाला त्यांचे पुत्र व गायक अमित कुमार पाहुणे म्हणून आले होते. ‘स्पर्धकांचे कौतुक करा’ असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले आणि त्यावर मोठी चर्चा झाली. सरसकट स्तुतीने सर्वाधिक नुकसान होते ते खरोखर उत्तम गाणाऱ्याचे. सगळ्यांनाच उभे राहून टाळ्या मिळत असतील, तर ज्या दिवशी कोणी अपूर्व गातो त्या दिवशी परीक्षकाकडे वेगळे सांगायला शब्द उरत नाहीत.

प्रसिद्धी मात्र निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणि हजारो श्रोत्यांसमोर वर्षानुवर्षे गायलेल्या माणसाला ज्या गोष्टी ठाऊक असतात, त्या वर्गात शिकवल्या जात नाहीत: उंच स्वराला माइक किती दूर धरावा, कानातल्या यंत्रातून स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही तर गडबडून न जाता लय कशी धरून ठेवावी, घशाला त्रास होत असताना कोणत्या जागा टाळून गाणे निभावून न्यावे. नामवंत परीक्षकाने हे ज्ञान वाटले, तर त्याच्या प्रसिद्धीचे सार्थक होते. केवळ पडद्यावरील चेहरा म्हणून आलेला आणि संगीताशी संबंध नसलेला परीक्षक यातले काही देऊ शकत नाही. फार तर एका जाणत्या श्रोत्याची प्रतिक्रिया देईल, आणि ती तशीच दिली तर तिचेही मोल आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा तो तंत्राविषयी बोलू लागतो.

जे स्वतः स्पर्धक होते ते परीक्षक झाले, तर एक वेगळीच समज घेऊन येतात. 2002 मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकणाऱ्या केली क्लार्कसन 2018 मध्ये अमेरिकेच्या ‘द व्हॉइस’मध्ये मार्गदर्शक झाल्या. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या मराठी पर्वात गाजलेले पाच बालगायक मोठे होऊन 2021 मध्ये त्याच कार्यक्रमाचे परीक्षक झाले. गाणे संपल्यावर निकालाची वाट पाहत मंचावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. मुलांच्या स्पर्धेत तर ही समज अत्यावश्यक मानली पाहिजे. लहान मुलाला दोष सांगू नये असे नव्हे. पण दोष गाण्याचा असावा, मुलाचा नव्हे, आणि त्यासोबत दुसऱ्या दिवशी रियाजात करून पाहता येईल अशी एक सोपी गोष्ट सांगावी. वाढत्या वयातील आवाजाला न झेपणारे गाणे निवडले गेले असेल, तर तो प्रश्न परीक्षकाने गाणे निवडणाऱ्या मोठ्यांना विचारावा.

निर्णयाच्या वेळी परीक्षकाची खरी परीक्षा होते. 2004 मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’मधून जेनिफर हडसन सातव्या क्रमांकावर बाहेर पडल्या आणि 2007 मध्ये त्यांनी सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळवला. प्रेक्षकांच्या मतांनी बाद झालेल्या स्पर्धकाला पर्वातून एकदा वाचवण्याचा अधिकार त्या कार्यक्रमाने परीक्षकांना 2009 मध्ये दिला, तोही त्यांचे एकमत असेल तरच. ही तरतूद मला फार योग्य वाटते, कारण तिच्यामुळे परीक्षकाच्या शब्दाला किंमत येते: अधिकार एकदाच वापरायचा असल्यामुळे तो कोणत्या गुणासाठी खर्च केला याचे उत्तर द्यावे लागते.

शेवटच्या फेऱ्यांत बहुतेक ठिकाणी निकाल प्रेक्षकांच्या मतांवर जातो आणि परीक्षक नुसते शुभेच्छा देणारे पाहुणे बनतात. तेथेही त्यांना करण्यासारखे बरेच असते. पहिल्या फेरीत ज्याचा शेवटचा स्वर उतरत होता, त्याचा तो आता टिकतो काय, जिचे शब्द अस्पष्ट होते तिचे उच्चार सुधारले काय, याची नोंद परीक्षकाने पर्वभर ठेवलेली असली, तर मत देणाऱ्याला प्रत्येकाचा प्रवास ऐकू येतो. अशी नोंद ठेवून, जुने गाणे आठवून, त्याच दोषाचा माग घेत बोलणारा परीक्षक विरळाच दिसतो; पण ज्या कार्यक्रमात तो असतो, तो कार्यक्रम मी अखेरच्या भागापर्यंत सोडत नाही.